साडेतीनची पैठण

"पैठण आली का रे?"

"आत्ताच शिरली बगा साहेब. सहा नंबरला लागलीय. लई गर्दी हाय, लोकं उभ्यानं आलेत."

"आणि कन्नड?"

"कन्नड यायचीय अजून. ठेवू का साहेब? हितं लोकं खिडकीला खेटलेत अन् तुमचं आपलं रोजचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

बद्रीनाथ असा कुरकुरतो, पण त्याने माझा फोन उचलला नाही असं कधी झालेलं नाही. मध्यवर्ती बसस्थानकावर ज्या खुर्चीत मी एकतीस वर्षं बसलो, तिच्यात आता तो बसतो. वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून पुकारणारा माणूस. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं दिवसातून दोनशे वेळा म्हणायचं आणि कोणी लक्ष दिलं नाही तरी मनाला लावून घ्यायचं नाही, हे या नोकरीचं सार आहे.

फोन ठेवून मी माइकचं बटण दाबलं.

"नमस्कार. तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली आहेत. पैठणहून येणारी गाडी स्थानकावर पोचली आहे. पाहुणे रिक्षानं चारपर्यंत इथं येतील. ज्यांचे कोणी पैठण, बिडकीन, चितेगावकडून येणार असतील त्यांनी केस विंचरून तयार राहावं. बिनदाढीच्या पुरुषांना आता फार उशीर झाला आहे."

वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला. तेवढाच काय तो माझा पगार.

हे गारखेड्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं रेडिओ केंद्र. नाव मोठं, खोली जिन्याखालची. एक माइक, एक जुना ॲम्प्लिफायर आणि तीन मजल्यांवरच्या वॉर्डांत मिळून बावीस स्पीकर. पूर्वी त्यांतून फक्त डॉक्टरांना बोलावणं जायचं. दोन वर्षांपूर्वी मी इथंच हर्नियासाठी अकरा दिवस पडून होतो. त्या अकरा दिवसांत मला भेटायला दोन माणसं आली. त्यातला एक चुकून आला होता, त्याला शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ हवे होते. माझा मुलगा मिहिर बंगळूरला असतो, त्याचे फोन यायचे. बायकोला जाऊन पाच वर्षं झाली. दवाखान्यात दुखण्यापेक्षा दुपार जास्त छळते, हे मला तेव्हा कळलं. सकाळी डॉक्टर येतात, संध्याकाळी पाहुणे येतात, पण दोन ते चार माणूस नुसता छताकडे बघत असतो आणि नको ते सगळं त्याला त्याच वेळी आठवतं.

सुटी मिळाली त्या दिवशी मी ट्रस्टच्या नानासाहेबांना म्हणालो, "तुमच्याकडे बावीस भोंगे आहेत आणि माझ्याकडे रिकामा आवाज आहे. जोडून बघू या का?" ते हसले. पुढच्या सोमवारपासून मी इथं आहे.

दोन ते चार मी गाणी लावतो. नर्सेसच्या टेबलावर एक खोका ठेवलाय, त्यात पेशंट चिठ्ठ्या टाकतात. कोणाला भजन हवं असतं, कोणाला लावणी. एकाने तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लग्नातला बँड मागितला होता. सरिता सिस्टरचं म्हणणं, की रेडिओ सुरू झाल्यापासून दुपारच्या घंटा निम्म्यावर आल्या. घंटा म्हणजे खाटेजवळची बेल. दुखतंय म्हणून वाजवतात, पण पुष्कळदा कोणीतरी यावं म्हणूनच वाजवतात. मीही माझ्या अकरा दिवसांत उगीचच वाजवली आहे, आता सांगायला हरकत नाही.

गाड्यांचं मात्र ठरवून सुरू झालं नव्हतं. एकदा चिठ्ठी आली, 'कन्नडची गाडी किती वाजता येते?' मला पाठ होतं, मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सात चिठ्ठ्या. सिल्लोड, वैजापूर, गंगापूर, फुलंब्री. मग मी रोज साडेतीनला बद्रीनाथला फोन करून पाहुण्यांच्या गाड्या सांगू लागलो. ज्यांचं कोणी येणार नसतं तेसुद्धा ऐकतात. आपल्या गावाचं नाव मोठ्यानं कोणी घेतलं की बरं वाटत असावं. फोन करायचा तो एवढ्यासाठी, की न आलेली गाडी पुकारायची नाही, हा माझा नियम आहे. आपण नुसतं म्हणतो, पण तिकडे माणसं गाठोडी आणि पोरं उचलून धावत सुटतात.

आता सारजाबाईंचं सांगतो.

बायकांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर, माझ्या खोलीच्या बरोबर वर. तिथं खिडकीजवळच्या खाटेवर सारजाबाई. पैठणच्या पुढच्या एका खेड्यातल्या. ओसरीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि मुक्काम लांबला. त्यांचे यजमान पुंजाराम रोज साडेतीनच्या पैठणनं यायचे. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, टॉवेलात भाकरी. वर जाण्याआधी माझ्या दारात डोकावून म्हणायचे, "साहेब, म्या आलो बरं का. सांगा तिला." मग मी गंभीर आवाजात पुकारायचो, "सारजाबाईंनी लक्ष द्यावे. पुंजाराम जिन्यापर्यंत पोचले आहेत." वॉर्डात हशा पिकायचा. सिस्टर सांगायच्या, म्हातारी पदरानं तोंड झाकून घेते आणि पदराआड हसते.

आठ दिवस असे आले. नवव्या दिवशी आले नाहीत. दहाव्याही नाही. घरून फोन आला, की त्यांना ताप आहे, गुडघे धरलेत. सारजाबाईंनी जेवण कमी केलं. दुपारचं ताट झाकून ठेवायच्या, आणि मी 'पैठण आली' म्हटल्यावर चार वाजता, दाराकडे बघत बघत, जेवायच्या. गाडी आली म्हणजे आज येतील, असा हिशेब. मला हे सिस्टरांनी कौतुकानं सांगितलं. मलाही कौतुक वाटलं. माझ्या आवाजानं कोणी चार घास खातं, हे ऐकून त्या दिवशी मी घरी जाताना मिठाई घेतली. घरी ती खायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, हे दार उघडल्यावर लक्षात आलं.

बारा दिवस गेले असतील. माझ्या खोलीची खिडकी मागच्या आवारात उघडते. तिथं सायकल स्टँडजवळ एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली दोन दिवस एक तरुण येऊन बसत होता. कंपनीचा निळा शर्ट, हातात स्टीलचा डबा, आणि एप्रिलच्या उन्हात कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी. डबा तो वॉर्डातल्या मावशींच्या हाती वर पाठवायचा आणि रिकामा परत येईपर्यंत तिथंच बसायचा. तिसऱ्या दिवशी मी बाहेर गेलो.

"कोणाकडे आलायस?"

"सारजाबाईकडं. आई हाय माझी. तुम्ही रेडिओवाले काका ना?"

"हो. मग वर का जात नाहीस? भेटायची वेळ झालीय."

त्याने इकडंतिकडं पाहिलं आणि टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं. दोन-तीन दिवसांपूर्वीच दहाव्याला वस्तरा फिरला असावा. आणखी काही विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"कधी?"

"आज तेरा दिस. झोपेतच गेले. सकाळी उठलेच नायत." त्याने लगेच टोपी घातली. "आईला सांगितलं नाय. डॉक्टर म्हणले, बीपी वरखाली होतंय, जखम भरू द्या. सरिता सिस्टरला ठावं हाय, तुम्हाला म्हणून सांगतोय. आता असलं डोकं घेऊन वर कसं जाऊ, सांगा. बघितल्या बघितल्या कळंल तिला."

"अरे, मग किती दिवस इथं बसणार?"

"केस जरा वाढले का जातो."

त्याचं नाव शिवम. चितेगावच्या कंपनीत सकाळची पाळी करून तो तिथून थेट यायचा. गाड्या उशिरा येण्याची शेकडो कारणं मी आयुष्यात ऐकली आहेत, पण आईला भेटण्यासाठी केस वाढायची वाट बघणारा मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. मला त्याची दया आली, आणि थोडा रागही आला. तो कोणावर, ते मला कळलं नाही.

"काका, तुमची पैठण तेवढी चालू ठेवा," तो म्हणाला. "ती ऐकून आई जेवती. आता बंद केली तर हाय खाईल ती."

मी 'बरं' म्हणालो. म्हणालो खरा, पण त्या दिवसापासून माझं सगळं बिघडलं. गाडी खरी होती. साडेतीनला यायची, सहा नंबरला लागायची, बद्रीनाथ डोळ्यांनी बघून सांगायचा. माझ्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी बटण दाबताना मला आपण चोरी करतोय असं वाटायचं. एका मेलेल्या माणसाची गाडी आली म्हणून मी रोज सांगत होतो. वर एक बाई केस विंचरून बसत होती. सांगावं तर तिच्या जिवाला धोका, न सांगावं तर ही अशी फसवणूक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी आल्यावर कोणाशी बोलावं, तर माझ्या घरात फक्त कुकर बोलतो. मिहिरचा फोन आला. "जेवलात का बाबा?" "जेवलो." "तब्येत?" "उत्तम." एवढंच बोलणं आम्हाला येतं. सारजाबाईंचं त्याला सांगावं असं फार वाटलं, पण त्याची मीटिंग होती.

पाचव्या दिवशी मी कच खाल्ली. कन्नड सांगितली, सिल्लोड सांगितली, पैठण गाळली. तिच्या जागी एक गाणं जास्त लावलं. सव्वाचारला सरिता सिस्टर दारात.

"मुळेकाका, पैठण काय झाली? आजी डबा उघडत नाहीत. तुम्हाला वर बोलावलंय."

दोन वर्षांत मी बायकांच्या वॉर्डात पाऊल ठेवलं नव्हतं. गेलो. सगळ्या खाटांवरून माना वळल्या. सारजाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगानं लहानशा, कपाळावर मोठं कुंकू. ते कुंकू बघून मला खाली बघावं लागलं.

"तुम्ही व्हय रेडिओवाले?" त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "आवाजावरनं वाटलं, चांगला गडी असंल. तुम्ही तर लईच बारीक निघाले, भाऊ."

वॉर्ड हसला. मीही हसलो.

"आज पैठण आली नाय का?"

"आली. सांगायची राहिली."

"तुम्ही इसरनारे नाय," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "बरं. ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या खाटेशेजारी एक स्टूल होतं, रिकामं. पलीकडच्या खाटेवरच्या कडूबाईंना भेटायला तीन माणसं आली होती आणि तिघंही उभीच होती. एकानं स्टुलाला हात लावला तशी कडूबाई खेकसल्या, "ठेव ते. सारजाबाईच्या मालकाचं हाय. आता येतील ते." मग सारजाबाईंकडं वळून म्हणाल्या, "येतील गं माय. आज नाय तर उद्या येतील. ताप काय, उतरतोच." आणखी दोघी-तिघी तेच बोलल्या. सगळा वॉर्ड त्या म्हाताऱ्याची वाट बघत होता, आणि सारजाबाई प्रत्येकीला मान डोलवून 'व्हय, व्हय' म्हणत होत्या. मी तिथून अक्षरशः पळालो.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बद्रीनाथ म्हणाला, "पैठण लागली साहेब." मी बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबलो. सांगायचं की नाही, याचा निकाल माझ्याच्यानं लागत नव्हता. तेवढ्यात दारात काहीतरी ठकठकलं. सारजाबाई वॉकर धरून उभ्या होत्या. मागे सरिता सिस्टर, त्यांना कमरेला धरून. लिफ्टनं खाली आल्या होत्या, तरी चेहरा घामानं भिजलेला.

"पैठण आली का?"

"आली," मी म्हणालो.

"मंग आज म्या सांगते."

मी उठून खुर्ची दिली. बसताना त्यांना फार कळ आली असणार, पण तोंडातून आवाज काढला नाही. बसून दम घेतला आणि खिडकीकडं मान केली. लिंबाखाली शिवम बसला होता, मांडीवर डबा घेऊन.

"वरूनबी असंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "बुधवारी घाम पुसाया टोपी काढली व्हती त्यानं. तवाच कळलं."

सिस्टरांनी तोंडावर हात धरला. मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यो मला सांगंना, म्या त्याला इचारंना. फोनवर लई गोड बोलतंय पोरगं. जल्मात कधी इचारलं नाय त्यानं, जेवलीस का, अन् आता दोन्ही टाइम इचारतंय. तवाच शंका आली व्हती, डोस्कं दिसायच्या आधी." त्यांनी पदरानं मान पुसली. "डबा भरला तसाच खाली गेला, का त्योबी जेवत नाय, हे मावशी सांगत्यात. म्हणून गिळते. पन ह्या बाया लई बेजार करत्यात भाऊ. चार वाजले का, आले का मालक, आले का मालक. चांगल्या मनानं इचारत्यात, मला कळतंय. पन एकेकीला किती येळा सांगू? तेवढं मला व्हनार नाय. तुमच्या भोंग्यातनं एकदाच सांगते अन् मोकळी व्हते."

माझ्या माइकला मी आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. नानासाहेबांना सुद्धा नाही. मी तो त्यांच्यासमोर सरकवला, उंची कमी केली, बटण दाखवलं. त्यांनी आधी कुंकवाला हात लावून बघितला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि बटण दाबलं. इतक्या मोठ्यानं बोलल्या, की भोंग्याची गरज पडली नसती.

"ऐका गं बायांनो. म्या सारजाबाई, खिडकीजवळची. पैठणची गाडी आलीय. खरीच आलीय, साहेबांनी स्टँडवर इचारलंय. पन आमचे मालक तिच्यात नायत. ते वारले. यायचे थांबले त्याला अठरा दिस झाले. तवा उद्यापून मला इचारू नका. अन् ते स्टूल कुणाच्या पाव्हण्याला लागत असंल तर घेऊन जा. एवढंच."

बटण सोडायचं त्यांना कळलं नाही. त्यांचा श्वास तसाच बावीस स्पीकरांतून चालू राहिला. मी हात पुढं करून ते बंद केलं.

वर कसलाच आवाज नव्हता. लिंबाखाली शिवम उभा राहिला होता. वॉर्डाच्या उघड्या खिडक्यांतून त्यानंही सगळं ऐकलं असणार. डबा तिथंच ठेवून तो धावत आला, आणि दाराशी येऊन मात्र थबकला. टोपी हातात होती. आईकडं बघायची त्याला हिंमत होईना.

"ये की आत," सारजाबाई म्हणाल्या.

तो खुर्चीजवळ खाली बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढून मागं आणि पुन्हा मागून पुढं, लहान मुलाला ताप आहे का बघतात तसा.

"हे वाढायला महिना लागला असता," त्या म्हणाल्या. "तवर काय खालीच बसनार व्हतास व्हय रं?"

तेव्हा त्याला रडू फुटलं. त्या रडल्या नाहीत. त्याचं डोकं त्यांनी पोटाशी धरलं आणि भिंतीकडं बघत राहिल्या. सरिता सिस्टरांनी मला डोळ्यांनी खूण केली. बटण बंद आहे ना, हे मी पुन्हा एकदा बघितलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसलो. माणसं वरखाली जात होती, मी भिंतीला अंग चोरून त्यांना वाट देत होतो. माझ्या आवाजाला अख्खं हॉस्पिटल ओळखतं, पण कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्या दिवशी मला त्याचं बरंच वाटलं.

खिशात फोन वाजला. बद्रीनाथ. आपणहून त्याने कधी केलेला नव्हता.

"साहेब, कन्नड आली. दोन नंबरला लावलीय. सांगताय नव्हं?"

"सांगतो," मी म्हणालो. "जरा थांबावं लागेल. खोलीत माणसं आहेत."